विश्लेषण : वजन घटवणारा ‘गॅस्ट्रिक बँड’ इतक्या लवकर मागे का पडला?

जठराभोवती सिलिकॉनचा पट्टा बसवायचा, तो गरजेनुसार घट्ट किंवा सैल करायचा आणि नकोसा झाला तर काढून टाकायचा. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियांमध्ये ‘ॲडजस्टेबल गॅस्ट्रिक बँड’ हा सर्वांत सौम्य पर्याय मानला जात होता. २०११ मध्ये अमेरिकेत वजन घटवण्यासाठी झालेल्या दर तीन शस्त्रक्रियांपैकी एक बँडची होती. आठ वर्षांत हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले. असे का झाले? ज्यांच्या पोटात आजही हा बँड आहे त्यांनी काय लक्षात ठेवावे? आणि वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांच्या सध्याच्या लाटेत या अनुभवातून काय शिकता येईल?

गॅस्ट्रिक बँड म्हणजे नेमके काय?

अन्ननलिका जिथे जठराला मिळते, त्याच्या किंचित खाली जठराभोवती सिलिकॉनचे एक कडे बसवले जाते. या कड्याच्या आतल्या बाजूला फुग्यासारखी पोकळी असते. त्या पोकळीपासून एक बारीक नळी निघते आणि ती पोटाच्या त्वचेखाली, स्नायूंवर शिवलेल्या छोट्या डबीला जोडलेली असते. या डबीला ‘पोर्ट’ म्हणतात. डॉक्टर त्वचेवरून सुई टोचून पोर्टमध्ये सलाइन भरतात. सलाइन भरले की आतला फुगा फुगतो आणि कडे आवळते. काढून घेतले की सैल होते. बँडच्या प्रकारानुसार त्यात साधारण १० ते १४ मिलीलिटर द्रव मावतो. म्हणजे औषधाच्या दोन-तीन चमच्यांएवढ्या पाण्यावर सगळा खेळ!

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते. जठर कापले जात नाही, आतड्याची जोडणी बदलली जात नाही. बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. पहिले सलाइन साधारण चार ते सहा आठवड्यांनी, जखमा भरून आल्यावर दिले जाते आणि पुढे वजन, भूक व त्रास पाहून थोडे थोडे वाढवले जाते. शस्त्रक्रिया संपते त्या दिवशी उपचार संपत नाही, खरे तर तिथून तो सुरू होतो. बँडची पुढची सगळी कहाणी या एका बाबीभोवती फिरते.

बँडमुळे वजन कसे घटते?

बँडमुळे जठराचे दोन भाग होतात. वर अगदी छोटी पिशवी राहते आणि खाली उरलेले जठर. त्यामुळे ‘वरची पिशवी भरली की माणूस जेवणच थांबवतो’ असा समज रूढ झाला. प्रत्यक्षात बँड योग्य प्रमाणात आवळलेला असेल तर नीट चावलेला घास मिनिटभरात खाली सरकतो. घास सरकताना जठराच्या वरच्या भागावर जो हलका दाब येतो, त्याचा संदेश मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे जातो आणि थोड्या खाण्यात समाधान वाटते. भूक शमवणे हे बँडचे काम. वाट बंद करणे हे नव्हे.

म्हणूनच बँड किती आवळायचा याला फार महत्त्व आहे. सैल राहिला तर भूक पूर्वीसारखीच लागते. जास्त आवळला तर पोळी, भात, मांसाचे तंतुमय तुकडे अडकतात, उलट्या होतात, रात्री आंबट पाणी घशाशी येते. अशा वेळी माणूस जे सहज उतरते तिकडे वळतो. आमरस, बासुंदी, आइस्क्रीम, मिल्कशेक यांना बँड अडवत नाही. घन अन्न सुटते, पातळ आणि गोड पदार्थ वाढतात आणि बँड कमालीचा घट्ट असूनही वजन वाढू लागते. हे दोन्ही टोकांचे त्रास टाळून मधली जागा सापडेपर्यंत पहिल्या वर्षात रुग्णाला अनेकदा दवाखान्यात यावे लागते.

ही कल्पना आली कुठून?

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जठराभोवती न बदलता येणारा पट्टा बसवण्याचे प्रयोग सुरू झाले होते. त्यात अडचण अशी, की पट्टा एकदा बसवला की तो प्रत्येकाला सारखाच घट्ट. आवळता-सोडता येणाऱ्या बँडवर ऐंशीच्या दशकात दोन ठिकाणी स्वतंत्रपणे काम झाले. स्वीडनमध्ये डाग हालबेरी आणि पीटर फोर्सेल यांनी, तर अमेरिकेतील न्यू जर्सीत मूळचे युक्रेनचे सर्जन लुबोमिर कुझमाक यांनी. कुझमाक यांनी १९८६ मध्ये असा बँड रुग्णांसाठी वापरण्यास सुरुवात केली. तेव्हा त्यासाठी पोट उघडावे लागत असे.

दुर्बिणीतून बसवता येईल अशा बँडची पहिली शस्त्रक्रिया सप्टेंबर १९९३ मध्ये बेल्जियममधील हुई या गावी डॉ. मितिकू बेलाच्यू यांनी केली. बेलाच्यू यांचा जन्म इथिओपियातला, लहानपण गुरे राखण्यात गेलेले. त्यांच्या शस्त्रक्रियेनंतर बँड युरोप आणि ऑस्ट्रेलियात झपाट्याने पसरला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे ‘एफडीए’ने, ‘लॅप-बँड’ला जून २००१ मध्ये, तर ‘रिअलाइज’ या दुसऱ्या बँडला २००७ मध्ये परवानगी दिली.

बँड इतका लोकप्रिय का झाला?

पहिले कारण सुरक्षितता, आणि तो दावा खोटा नव्हता. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत बँड बसवलेल्या ११९८ रुग्णांपैकी पहिल्या ३० दिवसांत एकाचाही मृत्यू झाला नव्हता. दुर्बिणीतून केलेल्या बायपासमध्ये हे प्रमाण ०.२ टक्के, तर पोट उघडून केलेल्या बायपासमध्ये २.१ टक्के होते. भूल देऊन पोटात हात घालण्याची ज्यांना धास्ती होती, त्यांच्यासाठी हा मोठा दिलासा होता.

दुसरे कारण मानसिक. जठराचा मोठा भाग कापून काढायचा म्हटले की माणूस दहा वेळा विचार करतो. ‘नको वाटले तर काढून टाकू’ ही शक्यता निर्णय सोपा करते. तिसरे कारण मधुमेहावरील परिणाम. मेलबर्नमधील डॉ. जॉन डिक्सन आणि सहकाऱ्यांनी नव्यानेच मधुमेह झालेल्या ६० लठ्ठ रुग्णांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी बँडच्या गटातील ७३ टक्के रुग्णांचा मधुमेह आटोक्यात येऊन जणू नाहीसा झाला होता. फक्त औषधे आणि आहार यांवर असलेल्या गटात हे प्रमाण १३ टक्के होते.

फेब्रुवारी २०११ मध्ये एफडीएने आणखी एक दार उघडले. तोवर बँडसाठी बीएमआय ४० किंवा आजार सोबत असल्यास ३५ असावा लागे. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. आता लठ्ठपणाशी निगडित आजार असेल तर ३० बीएमआयलाही बँड बसवता येऊ लागला. या निर्णयाला आधार होता १४९ जणांच्या अभ्यासाचा आणि त्यातील एका वर्षाच्या निष्कर्षांचा. आयुष्यभर शरीरात राहणाऱ्या वस्तूबाबत एका वर्षाचा पुरावा.

जाहिरातबाजीचा वाटा किती?

अमेरिकेत तो बराच मोठा होता. दक्षिण कॅलिफोर्नियात या काळात महामार्गांवरचे फलक, रेडिओ आणि टीव्ही ‘१-८००-गेट-थिन’ या नावाने भरून गेले होते. एक फोन करा आणि बारीक व्हा, असा एकूण सूर. या जाहिरातींशी संबंधित केंद्रांमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांचे मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्यावर ओरड सुरू झाली. जाहिरातींत धोक्यांची पुरेशी माहिती नाही, असे सांगत डिसेंबर २०११ मध्ये एफडीएने इशारापत्रे धाडली. पुढे बँड बनवणाऱ्या ॲलर्गन कंपनीने या साखळीला बँड विकणे थांबवले.

प्रकरण तिथेच संपले नाही. विमा कंपन्यांनी शस्त्रक्रियेचा खर्च मंजूर करावा म्हणून रुग्णांच्या झोपेच्या तपासण्यांचे अहवाल बनावट तयार केल्याचा खटला उभा राहिला. झोपेत श्वास अडकण्याचा आजार दाखवला की शस्त्रक्रिया ‘गरजेची’ ठरत असे. २०२१ मध्ये सहसंस्थापक दोषी ठरला आणि २०२३ मध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा झाली.

अर्थात सगळेच सर्जन असे नव्हते. पण ज्या उपचारात रुग्णाला वर्षानुवर्षे परत बोलवावे लागते, तो उपचार ‘एकदा करा आणि विसरा’ अशा थाटात विकला गेला. न्यू जर्सीचे तत्कालीन गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये बँड बसवून घेतला तेव्हा त्याची जगभर बातमी झाली. पण तोवर अमेरिकी सर्जनांचा कल दुसरीकडे वळू लागला होता.

तक्रारी कोणत्या येऊ लागल्या?

बँड जागचा घसरणे ही मुख्य तक्रार. खालचे जठर कड्यातून वर सरकते, वरची पिशवी फुगते आणि अन्न अडकून बसते. काही रुग्णांमध्ये सिलिकॉनचे कडे जठराची भिंत हळूहळू झिजवून थेट आत शिरते. याला ‘इरोजन’ म्हणतात. बँड दीर्घकाळ अति घट्ट राहिला तर त्याच्या वरची अन्ननलिका रुंदावते. पोर्ट उलटा होतो, नळी गळते, पोर्टच्या जागी जंतुसंसर्ग होतो. यातले काही त्रास सलाइन काढून घेतल्याने थांबतात, काहींसाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

‘काढता येतो’ या वैशिष्ट्याचीही दुसरी बाजू पुढे आली. बँड काढता येतो हे खरे. पण काढल्यावर बहुतेकांची भूक परतते आणि वजनही. शिवाय बँडभोवती तयार झालेल्या चिवट आवरणामुळे त्यानंतरची स्लीव्ह किंवा बायपास शस्त्रक्रिया पहिल्यांदाच करण्यापेक्षा अवघड होते. जठर अगदी पूर्वीसारखे होऊन मिळेल, असे प्रत्येकाला सांगता येत नाही.

दीर्घकालीन अभ्यास काय सांगतात?

दोन शहरांतील दोन अभ्यास शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. ब्रसेल्समध्ये १९९४ ते १९९७ या काळात बँड बसवलेल्या १५१ रुग्णांचा बारा वर्षांहून अधिक काळानंतर शोध घेण्यात आला. त्यातील ८२ जण सापडले. ३९ टक्के रुग्णांना गंभीर गुंतागुंतीला तोंड द्यावे लागले होते, २८ टक्क्यांमध्ये बँड जठरात शिरला होता, सुमारे ६० टक्क्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया झाली होती आणि जवळपास निम्म्यांचा बँड काढावा लागला होता. हा अहवाल २०११ मध्ये आला आणि सर्जनांच्या वर्तुळात खळबळ उडाली.

दोन वर्षांनी मेलबर्नमधील डॉ. पॉल ओब्रायन यांच्या केंद्राने ३२२७ रुग्णांचा अहवाल मांडला. तिथे पंधरा वर्षांनंतरही रुग्णांनी सरासरी ४७ टक्के जादा वजन घटवून टिकवले होते आणि बँड कायमचा काढावा लागला तो ५.६ टक्के रुग्णांचा. मात्र दुरुस्तीची शस्त्रक्रिया तिथेही ४३ टक्के रुग्णांवर करावी लागली होती.

इथे ‘जादा वजन’ म्हणजे काय ते समजून घेऊ. १६० सेंटिमीटर उंचीच्या महिलेचे वजन १०४ किलो आहे. बीएमआय २५ धरला तर तिचे वजन ६४ किलो हवे. म्हणजे ४० किलो जादा. त्यातले ५० टक्के घटले म्हणजे वजन २० किलोंनी उतरून ८४ झाले.

उपकरण एकाच जातीचे, तरी निष्कर्ष इतके वेगळे का? ब्रसेल्सचे रुग्ण अगदी सुरुवातीच्या काळातले होते. तेव्हा बँड बसवण्याची पद्धत वेगळी होती आणि ती पुढे बदलली. निम्म्याच्या जवळ रुग्ण सापडलेच नाहीत, त्यांचे काय झाले हे आकड्यांत नाही. उलट मेलबर्नचे केंद्र बँडवर भर देणारे होते, त्याला संशोधनासाठी बँड बनवणाऱ्या कंपनीचा निधीही मिळत होता. हे सगळे वजा केले तरी एक फरक उरतो. मेलबर्नमध्ये रुग्णांना आयुष्यभर परत बोलवण्याची यंत्रणा होती. सलाइन भरणारे, आहार विचारणारे, त्रास लवकर ओळखणारे लोक तिथे कायम होते. बँड चालतो की नाही, हे बऱ्याच अंशी त्या यंत्रणेवर अवलंबून होते. जगातील बहुतेक ठिकाणी ती नव्हती.

खर्चाचे गणित कुठे फसले?

अमेरिकेत ज्येष्ठ नागरिक आणि दीर्घकालीन अपंगत्व असलेल्यांसाठी ‘मेडिकेअर’ ही सरकारी विमा योजना आहे. या योजनेतून २००६ ते २०१३ दरम्यान बँड बसवलेल्या २५,०४२ रुग्णांचा हिशेब २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी साडेचार वर्षांच्या काळात १८.५ टक्के रुग्णांवर बँडशी संबंधित पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या. त्याही सरासरी एकाला जवळपास चार. मेडिकेअरने बँडवर एकूण सुमारे ४७ कोटी डॉलर खर्च केले, त्यापैकी २२.४ कोटी डॉलर या पुन्हा केलेल्या शस्त्रक्रियांवर गेले. म्हणजे पहिली शस्त्रक्रिया स्वस्त आणि सोपी होती, पण बिल तिथे थांबत नव्हते.

बाजारानेही पाठ फिरवली. ॲलर्गनने २०१३ च्या अखेरीस लॅप-बँडचा व्यवसाय अपोलो एंडोसर्जरी या कंपनीला विकला. तिने २०१८ मध्ये तो रीशेप लाइफसायन्सेसकडे सोपवला. २०२४ मध्ये रीशेपची मालमत्ता बायोरॅड मेडिसिस या भारतीय कंपनीशी संलग्न कंपनीने घेण्याचा करार जाहीर झाला. मालक बदलत राहिले तरी ज्यांच्या पोटात बँड आहे त्यांच्यासाठी सुटे भाग, माहिती आणि तो हाताळणारे सर्जन उपलब्ध राहणे गरजेचे आहे, हा मुद्दा मात्र कायम राहतो.

बँडची जागा कोणी घेतली?

मुख्यतः ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेने. तीत जठराचा बराचसा भाग कापून काढला जातो आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक राहते. त्यामुळे जागा कमी होते आणि भूक वाढवणारे काही हार्मोनही घटतात. शरीरात परकी वस्तू राहत नाही, सलाइन भरायला परत यावे लागत नाही. अमेरिकेतील बेरिॲट्रिक सर्जनांच्या संघटनेच्या अंदाजानुसार २०११ मध्ये तिथे १ लाख ५८ हजार शस्त्रक्रिया झाल्या. त्यात बँड ३५.४ टक्के होते आणि स्लीव्ह १७.८ टक्के. २०१९ मध्ये एकूण शस्त्रक्रिया २ लाख ५६ हजारांवर गेल्या. तेव्हा स्लीव्ह ५९.४ टक्के आणि बँड अवघे ०.९ टक्के!

तिन्ही शस्त्रक्रियांची थेट तुलना करणारा मोठा अभ्यास ब्रिटनमधील रुग्णालयांत झाला आणि २०२५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. रुग्णांना कोणती शस्त्रक्रिया मिळणार हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले होते, त्यामुळे तुलनेला वजन आहे. तीन वर्षांनी निम्मे किंवा त्याहून अधिक जादा वजन घटवणारे रुग्ण बायपासच्या गटात ६८ टक्के, स्लीव्हच्या गटात ४१ टक्के आणि बँडच्या गटात २५ टक्के होते. बँडला मेलबर्नसारखी देखभाल नेहमीच्या सरकारी व्यवस्थेत मिळत नाही तेव्हा काय घडते, याचा हा अंदाज म्हणता येईल. अर्थात स्लीव्ह आणि बायपासही निर्धोक नाहीत. स्लीव्हनंतर अनेकांना आम्लपित्ताचा त्रास वाढतो, बायपासनंतर जीवनसत्त्वे आणि लोह आयुष्यभर घ्यावे लागते. आणि या शस्त्रक्रिया बँडसारख्या मागे फिरवता येत नाहीत.

भारतात चित्र काय आहे?

या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई-पुण्यासह काही शहरांत सर्जन बँड बसवत होते. पण इथेही तो मागे पडला आणि स्लीव्ह व बायपास रूढ झाले. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली तेव्हा ‘बेरिॲट्रिक’ हा शब्द घराघरांत पोहोचला. ती शस्त्रक्रियाही स्लीव्हचीच होती. आपल्याकडे बँड न रुजण्याचे कारण समजायला कठीण नाही. रुग्ण नांदेड किंवा सिंधुदुर्गातून शस्त्रक्रियेसाठी मुंबई-पुण्यात येतो. दर महिन्या-दोन महिन्यांनी सलाइन कमी-जास्त करायला तो कामधंदा सोडून, गाडीभाडे खर्चून येईलच असे नाही.

प्रश्नाचा आवाका मात्र मोठा आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील २४ टक्के महिला आणि २२.९ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आहे. भारतीयांमध्ये कमी बीएमआयलाच मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणून लठ्ठपणावरील शस्त्रक्रियांच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचा विचार २७.५ बीएमआयपासून करावा, असे सुचवले. आरोग्य विम्याचे निकष मात्र विमा नियामकाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बीएमआय ४०, किंवा हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार, आटोक्यात नसलेला मधुमेह असे आजार असल्यास ३५ असे आहेत. या दोन आकड्यांच्या मध्ये असलेल्या रुग्णाला डॉक्टर ‘करा’ म्हणतात आणि विमा कंपनी ‘नाही’ म्हणते.

ज्यांच्या पोटात बँड आहे त्यांनी काय करावे?

काहीही त्रास नसेल आणि वजन आटोक्यात असेल तर केवळ बँड ‘जुना’ झाला म्हणून तो काढण्याची घाई करायची गरज नसते. पण वर्षातून एकदा बेरिॲट्रिक सर्जनला दाखवायला हवे. ज्यांनी परदेशात किंवा दुसऱ्या शहरात बँड बसवला आहे, त्यांनी बँडचा प्रकार, त्याची क्षमता आणि शेवटी किती सलाइन भरले होते याची नोंद जवळ ठेवावी. अमेरिका, ब्रिटन किंवा आखातातून परत आलेल्यांना हे कागद विशेष उपयोगी पडतात, कारण इथल्या तरुण सर्जनांपैकी अनेकांच्या हाताखालून फारसे बँड गेलेले नसतात. पोर्टसाठी खास सुई लागते. साध्या इंजेक्शनच्या सुईने पोर्टचा पडदा फाटून गळती होऊ शकते, त्यामुळे कोणत्याही दवाखान्यात ते करून घेऊ नये.

काही लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये. पाणीही पोटात न ठरणे, सतत उलट्या, पोटात किंवा छातीत तीव्र वेदना, हे बँड घसरल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी तातडीने सलाइन काढून बँड सैल करावा लागतो. उशीर झाल्यास जठराच्या अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. तातडीच्या विभागात गेल्यावर ‘माझ्या पोटात गॅस्ट्रिक बँड आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावे. रात्री झोपेत ठसका लागून जाग येणे, पोर्टच्या जागी लाली किंवा दुखणे, अचानक भूक वाढून वजन चढू लागणे, हीही तपासणीची कारणे आहेत. गर्भवती महिलांनी सुरुवातीलाच सर्जनला कळवावे. उलट्या किंवा बाळाचे पोषण लक्षात घेऊन बँड सैल केला जातो.

इंजेक्शनांच्या काळात या अनुभवाचा उपयोग काय?

२०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही दोन्ही इंजेक्शने भारतात अधिकृतपणे आली. सेमाग्लुटाइडवरील भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. पेटंट संपले की देशी कंपन्यांची स्वस्त औषधे येण्याची वाट मोकळी होते. औषधाचा परिणाम खरा आहे. प्रमुख चाचणीत ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइडने सरासरी १४.९ टक्के वजन घटले. पण त्याच चाचणीतील काही जणांवर पुढे लक्ष ठेवले असता, औषध थांबवल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आल्याचे दिसले.

बँडशी हे साम्य नजरेत भरणारे आहे. तोही सुरू करायला सोपा होता, केव्हाही थांबवता येत होता आणि पहिल्या वर्षाचे आकडे आकर्षक होते. त्याचीही मात्रा हळूहळू वाढवावी लागत होती, त्रास झाला तर कमी करावी लागत होती आणि थांबवला की वजन परत येत होते. लठ्ठपणा हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे. त्यावरचा जो उपचार मागे फिरवता येतो, तो बहुधा कायम चालूही ठेवावा लागतो.

म्हणून बँड असो, शस्त्रक्रिया असो की इंजेक्शन, निर्णय घेण्यापूर्वी ‘किती किलो उतरतील?’ या प्रश्नाच्या जोडीने आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत. पाच वर्षांनी मला कोण तपासणार आहे? मध्येच थांबवावे लागले तर काय होईल? आणि या सगळ्याचा एकूण खर्च, फेऱ्या आणि त्रास धरून, मला झेपणार आहे का? बँड बसवून घेणाऱ्या हजारो लोकांना हे प्रश्न विचारायला कोणी सांगितले नव्हते. त्यांची उत्तरे त्यांना दुसऱ्या, तिसऱ्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर मिळाली.